नोंदवहीत राहिलेली बाळे



बाप्तिस्म्याचा दाखला काढण्यासाठी आपण कधी ना कधी चर्चच्या ऑफिसात गेलेलो असतो. कपाटातून जुनी, जाड वही निघते. पिवळ्या पडलेल्या पानांवरून बोट फिरत जाते आणि अखेर आपले नाव सापडते. त्या वहीच्या शेजारीच दुसरी एक वही असते, ती मृतांची. तिची मागणी सहसा कोणी करीत नाही. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. म्हणून आज अशाच एका मृतांच्या नोंदवहीविषयी लिहावेसे वाटले. ती आपल्या चर्चमधली नाही. ती अमेरिकेतील लुइझियाना राज्यातली आहे.

लुइझियानात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. हा प्रदेश आधी फ्रेंचांच्या आणि मग स्पॅनिश लोकांच्या ताब्यात होता. त्यामुळे चर्चच्या धर्मग्रामांच्या ज्या सीमा होत्या, त्यांवरूनच पुढे सरकारी जिल्हे आखले गेले व नावही तेच राहिले. मिसिसिपी नदीच्या काठी, न्यू ऑर्लिन्स शहरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर ‘सेंट जॉन द बॅप्टिस्ट पॅरिश’ आहे. म्हणजे संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचा जिल्हा. तेथे वॉलेस नावाच्या गावाजवळ ‘व्हिटनी प्लँटेशन’ हा उसाचा जुना मळा आहे. आज ते एक संग्रहालय आहे. त्या संग्रहालयाच्या एका कोपऱ्यात एका काळ्या देवदूताचा पुतळा आहे. तिच्या हातात एक तान्हे बाळ आहे. भोवती दगडी पाट्यांवर २२०० मुलांची स्मृती कोरली आहे. त्या जिल्ह्यात गुलाम म्हणून जन्मलेली आणि तीन वर्षांची होण्याआधीच दगावलेली ही बाळे. त्यांची माहिती मिळाली ती न्यू ऑर्लिन्स महाधर्मप्रांताच्या दफन-नोंदवह्यांतून. म्हणजे आपल्याच ख्रिस्तसभेच्या वह्यांतून. आपल्यासारख्याच एखाद्या चर्चच्या ऑफिसात बसून कोणा फादरांनी शाईत टाक बुडवून ही नावे लिहिली. आडनाव जवळजवळ कोणालाच नाही.

या नोंदवहीमुळे मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्या हातांनी त्या बाळाला बाप्तिस्मा दिला, ज्या हातांनी त्याचे दफन केले आणि त्याचे नाव लिहिले, त्या हातांना ते बाळ गुलाम आहे याचे काही वाटले नसेल का? आणि दुसरा, त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, आज दीडशे-दोनशे वर्षांनी त्याचा जाब कोणाला विचारायचा?

आधी या मळ्याची हकीकत पाहू. १७५२ साली आम्ब्रोझ हायडेल नावाच्या जर्मन कुळातल्या स्थलांतरित गृहस्थाने तेथे जमीन घेतली. सुरुवातीला निळीची लागवड झाली. पुढे त्याच्या वारसांनी ऊस लावला आणि घराणे श्रीमंत झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मारी अझेली हायडेल ही विधवा बाई मळ्याचा कारभार पाहत होती. तो त्या राज्यातील साखरेच्या मोठ्या मळ्यांपैकी एक झाला होता. मोठे घर, रंगवलेली छते, नदीकडे तोंड केलेला ऐसपैस व्हरांडा. या सगळ्याच्या मागे लाकडी खोल्यांची रांग होती. त्यात शेतात राबणारी माणसे राहत. त्या मळ्यावर गुलामीत राहिलेल्या साडेतीनशेहून अधिक जणांची नावे आज संग्रहालयाच्या एका भिंतीवर कोरलेली आहेत.

उसाची शेती काय असते हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण लुइझियानात थंडी लवकर पडते आणि गोठण्याआधी ऊस तोडून गाळावा लागतो. तोडलेल्या उसाचा रस टिकत नाही. म्हणून साधारण ऑक्टोबरपासून वर्षअखेरीपर्यंत चरक आणि भट्ट्या रात्रंदिवस चालत. दिवसा तोडणी आणि रात्री उकळत्या कढयांपुढे पाळी. रस एका कढईतून दुसऱ्या कढईत पळीने ओतत न्यायचा. चरकात हात सापडणे, उकळता रस अंगावर पडणे हे नेहमीचेच होते. मालक वारला की मिळकतीची यादी होई. त्या यादीत बैल, घोडे, भांडी यांच्या बरोबरीने माणसांचीही नावे, वय, कसब आणि किंमत लिहिली जाई. या मळ्यावर १८२३ ते १८६३ या चाळीस वर्षांत ३९ मुले मेल्याची नोंद आहे. त्यांपैकी जेमतेम सहा जणच पाच वर्षांचे झाले होते.

आता या कहाणीत ख्रिस्तसभा कोठे होती? दूर नव्हती, घरातच होती. फ्रेंच राजवटीने १७२४ साली लुइझियानासाठी गुलामांविषयीचा कायदा लागू केला. त्याला ‘काळी संहिता’ म्हणत. गुलामांना कॅथलिक श्रद्धेचे शिक्षण द्यावे, बाप्तिस्मा द्यावा, रविवारी आणि सणाच्या दिवशी त्यांच्याकडून काम करून घेऊ नये असे त्यात लिहिले होते. नवरा-बायको आणि लहान मुले यांना वेगवेगळे विकू नये असेही होते. आणि त्याच कायद्यात, पळून गेलेल्या गुलामाचे कान कापावेत व खांद्यावर डाग द्यावा, तिसऱ्यांदा पळाल्यास जीव घ्यावा, असेही लिहिले होते. एकाच कागदावर बाप्तिस्मा आणि डागणी! न्यू ऑर्लिन्समधील उर्सुलाइन धर्मभगिनींच्या मठाकडेही गुलाम होते.

सर्वांत बोचणारी गोष्ट १८३८ सालची आहे. मेरीलँड प्रांताच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ पुरुष, स्त्रिया आणि मुले १,१५,००० डॉलरला विकण्याचा सौदा केला. विकत घेणारे लुइझियानाचे मळेवाले होते. कुटुंबे तोडू नयेत, त्यांच्या धर्माचरणाची सोय असावी, आलेला पैसा कर्ज फेडण्यासाठी वापरू नये, अशा अटी रोमहून घालण्यात आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. पैशाचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्याकडे वळला. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट शब्दांत निषेध करणारे पत्र काढले. तेव्हा अमेरिकेतील काही बिशपांनी त्याचा अर्थ असा लावला, की हे पत्र आफ्रिकेतून माणसे आणण्याच्या व्यापाराविषयी आहे, आपल्या घरातल्या गुलामांविषयी नाही. आपल्याला अडचणीच्या वाटणाऱ्या शिकवणुकीला पळवाट काढण्याची कला माणसाला फार जुन्या काळापासून अवगत आहे.

गुलामीची प्रथा १८६५ साली कायद्याने संपली. १८६७ साली मळा विकला गेला आणि नव्या मालकाने त्याला ‘व्हिटनी’ हे नाव दिले. मुक्त झालेली माणसे मात्र फार दूर जाऊ शकली नाहीत. जमीन नाही, पैसा नाही, अक्षरओळख नाही. अनेकजण त्याच खोल्यांत राहून त्याच शेतात मजुरी करीत राहिले. काळ जात राहिला. नदीकाठचे असे अनेक बंगले हळूहळू पर्यटनस्थळे झाले. झुपकेदार ओक वृक्षांची रांग, पांढरे खांब, जुन्या पद्धतीचे झगे घातलेल्या मार्गदर्शिका. मालकाची मेजवानी कशी असे, झुंबर कोठून आणले, हे सारे पाहुण्यांना सांगितले जाई. मागच्या खोल्यांविषयी एखादे वाक्य असले तर असे, आणि त्यातही ‘नोकर’ हा सौम्य शब्द वापरला जाई. अशा बंगल्यांत लग्ने लागू लागली. २०१९ साली लग्नाच्या व्यवस्थेची माहिती देणाऱ्या काही मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी अशा मळ्यांची जाहिरात करणे थांबवायचे ठरवले, तेव्हा कोठे अनेकांच्या लक्षात आले की आपण कशावर मंडप घालत होतो.

व्हिटनीची वाट मात्र वेगळी निघाली. १९९० च्या सुमारास एका रसायन कंपनीने ही जमीन कारखान्यासाठी घेतली होती. स्थानिक लोकांच्या विरोधामुळे ते बारगळले. कंपनीने मिळकतीच्या इतिहासाचा मोठा अभ्यास मात्र करून घेतला होता. १९९९ साली न्यू ऑर्लिन्सचे एक श्रीमंत गोरे वकील जॉन कमिंग्ज यांनी जागा विकत घेतली. तो अभ्यास आणि त्यातील माणसांच्या किमतींच्या याद्या वाचून ते अस्वस्थ झाले. आपण आजवर हे कसे जाणले नाही, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांना सोबत घेतले. पदरचे लाखो डॉलर घातले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये संग्रहालय उघडले. मालकाच्या नव्हे तर गुलामांच्या नजरेने सगळी हकीकत सांगणारे लुइझियानातील हे पहिले संग्रहालय. पाच वर्षांनी त्यांनी ते एका ना-नफा संस्थेच्या स्वाधीन केले.

या संग्रहालयाची रचनाच विचार करायला लावणारी आहे. इतर ठिकाणी पाहुणा मोठ्या घराच्या दारातून आत जातो. येथे सुरुवातीला मुक्त गुलामांनी १८७० साली बांधलेले एक साधे लाकडी चर्च दाखवले जाई. ते दुसऱ्या गावातून हलवून येथे आणले आहे. त्यात बाकांजवळ मातीच्या लहान मुलांच्या मूर्ती उभ्या आहेत. वुड्रो नॅश या कलाकाराने त्या घडवल्या. ज्यांचे बालपण गुलामीत गेले, अशा म्हाताऱ्यांच्या आठवणी सरकारने १९३० च्या दशकात लिहून घेतल्या होत्या, त्यांची ही बालरूपे. मग नावांच्या भिंती. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी अनेक वर्षे दफ्तरे चाळून लुइझियानातील १,०७,००० गुलामांची नावे जमा केली. तीही तेथे दगडावर आहेत. मग राहण्याच्या खोल्या, कढया, आणि सर्वांत शेवटी मालकाचे घर. घर तेच आहे, व्हरांडाही तोच आहे. पण नावे वाचून आलेल्या माणसाला तो व्हरांडा आधीसारखा दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजच्या माणसाने याविषयी अपराधी वाटून घ्यावे का? ‘आम्ही कोणाला गुलाम केले नाही, मग आम्हाला का बोल?’ असे अमेरिकेत अनेकजण विचारतात. या विचारण्यात चूक नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय हेच सांगतो की बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, ज्याने पाप केले त्याचे ते त्याच्यापाशी. पाप हे आडनावासारखे वारसाने येत नाही. म्हणून ज्याने ते केले नाही, त्याला गुन्हेगार म्हणणे हा अन्यायच होईल.

परंतु वारसाने दुसरे पुष्कळ काही येते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. वडिलांची वाडी मुलाच्या नावावर झाली. विहीर आली, केळी आली, नारळ आले. वर्षभराने कोणी शेजारी कागद घेऊन आला आणि म्हणाला, ‘तुझ्या बाबांनी माझ्याकडून कर्ज घेतले होते, ते फिटलेले नाही.’ मुलगा म्हणाला, ‘कर्ज मी घेतले नाही, बाबांनी घेतले. त्याचा माझा संबंध नाही.’ गावातली माणसे त्याला काय म्हणतील? वाडी घेताना तू बाबांचा मुलगा होतास आणि कर्ज फेडताना परका कसा झालास? त्याने चोरी केली, असे कोणी म्हणणार नाही. पण वाडी ठेवायची तर कागद नाकारता येत नाही. अपराध आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ज्याची त्याची असते. दुसरी वारशाबरोबर येते. व्हिटनीच्या प्रश्नाचे उत्तर मला तरी या फरकात सापडते.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू अशाच लोकांशी बोलतो. ते संदेष्ट्यांच्या कबरी बांधतात, सजवतात आणि म्हणतात की आम्ही वाडवडिलांच्या काळात असतो तर त्यांच्या रक्तपातात सामील झालो नसतो. प्रभू त्यांना शाबासकी देत नाही. जुन्या मेलेल्यांचा सन्मान करणे सोपे असते, कारण ते काही मागत नाहीत. ‘मी तेव्हा असतो तर वेगळा वागलो असतो’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी मनात म्हटलेले आहे. त्याचा पडताळा तेव्हाच्या काळात नव्हे, आजच्या वागण्यात होतो.

‘तो काळच तसा होता, तेव्हा लोकांना हे चूक वाटत नव्हते’ असेही म्हटले जाते. कोणत्या लोकांना? ८ जानेवारी १८११ रोजी याच नदीकाठी चार्ल्स डेलोंड या गुलामाच्या पुढाकाराने शेकडो गुलाम न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने चालून निघाले. दोनच दिवसांत बंड मोडले. अनेकांना मारून त्यांची डोकी नदीकाठी खांबांवर लावली. त्या माणसांना गुलामी चूक आहे हे चांगले ठाऊक होते. ‘त्या काळचे लोक’ म्हणताना आपण फक्त मालकांना मोजतो आणि राबणाऱ्यांना माणसांतून वगळतो. यादीत त्यांना बैलांशेजारी लिहिणाऱ्यानेही हेच केले होते.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. जुनी जखम उकरून काय मिळते? त्यातून द्वेषच वाढणार नाही का? मे २०२५ मध्ये लुइझियानातील नॉटोवे हा प्रचंड बंगला आगीत जळून गेला. १८५९ साली उभा राहिलेला, दक्षिणेतील सर्वांत मोठा म्हणून ओळखला जाणारा. अलीकडे तेथे हॉटेल होते, लग्ने होत. तो जळताना काही लोक रडले, तर काहींनी उघड आनंद केला. दोघांचेही मन समजू शकते. परंतु आगीने कर्ज फिटत नाही. कागद तेवढा जळतो. घर झगमगत ठेवून खोल्यांचा विसर पाडणे ही एक वाट. घर जळाल्याचा आनंद करणे ही दुसरी. व्हिटनीने तिसरी वाट धरली. घर ठेवले आणि त्याच्याविषयी खरे बोलले. प्रायश्चित्त संस्कारात आपण हेच करीत नाही का? पाप लपवत नाही, आणि पाप्याला जाळतही नाही. पाप नाव घेऊन सांगतो. जखम बांधायची तर आधी ती धुवावी लागते, आणि धुताना दुखतेच.

पण प्रायश्चित्त संस्कार कबुलीने पूर्ण होत नाही, हेही आपल्याला धर्मशिक्षणात शिकवलेले आहे. चोरलेले परत करावे लागते. जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. येशूसंघाने एप्रिल २०१७ मध्ये जॉर्जटाउन येथे त्या २७२ जणांच्या वंशजांसमोर प्रार्थनाविधीत क्षमा मागितली. तेथील एका इमारतीला विक्रीच्या यादीतील पहिल्या माणसाचे, आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. पुढे २०२१ मध्ये वंशजांच्या सोबत उभारलेल्या संस्थेसाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन येशूसंघाने दिले. हे पुरेसे आहे का, यावर वंशजांमध्येही मतभेद आहेत, आणि ते असणारच. मेलेल्या बाळाची भरपाई कोणत्या डॉलरने होणार? तरीही क्षमेच्या शब्दाला कृतीची जोड लागते, एवढे तरी मान्य झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम जहाजात चढवले जात, तेथे उभे राहून ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली होती. संत माणसालाही क्षमा मागण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे वाचताना, ‘अमेरिकेची गोष्ट अमेरिकेला’ असे म्हणण्याचा मोह होईल. पण वसईचा किल्ला आपल्या डोळ्यांसमोर आहे. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात गोव्याप्रमाणे वसईतही फिरंगी घरांत गुलाम होते. किल्ल्यातील चर्चचे पडके खांब पाहून आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटू द्यावा. परंतु ते दगड कोणी वाहिले, असे आपण आपल्या मुलांना कधी विचारायला लावले आहे का?

आणि जुन्या काळापर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या वाड्यांत, बांधकामांवर, स्वयंपाकघरांत राबून गेलेली माणसे होती आणि आहेत. आजोबांच्या काळी वाडीत असलेल्या गड्याचे पूर्ण नाव घरात कोणाला सांगता येईल? आज आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे आडनाव, त्यांच्या मुलांची नावे आपल्याला माहीत आहेत का? मी स्वतःला हा प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पगाराचा हिशेब तोंडपाठ होता, नाव अर्धेच ठाऊक होते.

त्या जुन्या फादरांविषयी मी पुष्कळ विचार केला. त्यांनी गुलामीविरुद्ध आवाज उठवला नाही, ही मोठी चूक झाली. पण त्यांनी नाव लिहिले. मालकाच्या यादीत त्या बाळापुढे किंमत होती आणि चर्चच्या वहीत ते देवाचे लेकरू होते. ज्या वहीत ते देवाचे लेकरू ठरले, तीच वही आज आपल्यावर आरोप करते. बाळ देवाचे आहे हे लिहिण्याइतके ठाऊक होते, मग ते दुसऱ्या कोणाचे असू शकत नाही हे म्हणण्याचे धैर्य का झाले नाही?

या महिन्यात आपण मृतांसाठी मिस्साचे हेतू देतो. चिठ्ठीवर आई, बाबा, आजी, आजोबा अशी नावे लिहितो. यंदा त्या चिठ्ठीवर आणखी एक नाव लिहू या. आपल्या घरासाठी राबलेल्या आणि आपल्या नात्यात नसलेल्या कोणाचे तरी. पूर्ण नाव ठाऊक नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू या. आणि ती व्यक्ती किंवा तिची मुले हयात असतील, तर केवळ चिठ्ठीवर न थांबता त्यांच्या दारी जाऊन, आपल्याकडे त्यांचे काही राहिले आहे का, हेही विचारून येऊ या.